मुक्ताविडा

९ नोव्हेंबर २०२५, रविवार, दुपार

ही वही शाळेच्या पाठांचं टाचण लिहायला आणली होती. आता टाचणही मोबाईलवर भरायचं असा फतवा निघालाय, म्हणून ती कोरीच पडली होती. निकी म्हणाली, "आई, मग माझ्या रेस्टॉरंटचं लिही की त्यात." मी हॉटेल म्हणते, ती रेस्टॉरंट म्हणते. हॉटेल म्हटलं की तिचं तोंड वाकडं होतं.

तर निकिताचं रेस्टॉरंट. नाव 'कणीस'. जागा सावेडीत, उझ्माच्या वडिलांच्या बंगल्याचा खालचा मजला. उझ्मा आणि निकी पाचवीपासून एका बाकावर बसायच्या, दोघीही माझ्याच वर्गात. उझ्मा अजून मला 'बाई'च म्हणते. ती बाहेरचं सगळं बघणार आणि निकी स्वयंपाकघर. जेवण मेक्सिकोचं. निकी मुंबईत तसल्या मोठ्या रेस्टॉरंटात तीन वर्षं होती आणि चार महिने खुद्द मेक्सिकोत जाऊन आली. जुनं तिथलं, मांडणी आजची, माल आपल्याकडचा, असं काहीतरी तिचं गणित आहे. चौदा डिसेंबरला उद्घाटन. नगरमध्ये कोण खाणार हे, असं विचारायची मला चोरी आहे.

आज पहिली चव घ्यायला आम्हाला बोलावलं होतं, मला आणि ह्यांना. पहिल्यांदा काय आलं, तर निवडुंग! बांधावरचा फड्या निवडुंग, काटे काढून भाजलेला, वर राजगिरा. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, दुष्काळ पडला का गं? पण चव छान होती. मग मक्याच्या पुरीएवढ्या भाकऱ्या. मका अकोले तालुक्यातल्या डोंगरात शेती करणाऱ्या रंगुबाईंकडचा, जांभळ्या दाण्यांचा. तो चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर भिजवायचा आणि पाट्यावर वाटायचा. "चुना कुठला?" मी विचारलं. "आपण पानाला लावतो तोच. तिथे हजारो वर्षं असंच करतात," निकी म्हणाली. ह्यांनी लगेच अजून दोन मागितल्या.

आमच्या घरी माझ्या जिभेला मान आहे. आमटी नुसती बोटाला लावून मी सांगते, मीठ कमी आहे की गूळ जास्त. निकी लहानपणापासून माझ्या तोंडाकडे बघत स्वयंपाक शिकली. म्हणून आज तिने भाजक्या मिरच्यांचा ठेचा पुढे केला आणि श्वास रोखून उभी राहिली. मी घास घेतला आणि जिभेवर निखारा ठेवावा तसं झालं. डोळ्यांतून पाणी, कानात दडे. कशीबशी म्हणाले, "अगं बाई, केवढं तिखट!"

उझ्मा म्हणाली, "बाई, मला तर काहीच लागत नाही."

"तुझ्या वयाला काय लागायचंय? लोक लेकराबाळांना घेऊन येतील."

ह्यांनी ताटातला ठेचा चाटूनपुसून खाल्ला होता. निकीने मात्र लगेच कागदावर लिहिलं, मिरची निम्मी. चवीच्या बाबतीत ती माझ्याशी वाद घालत नाही.

जेवणानंतर मी पर्समधून माझी डबी काढली. तुपावर परतलेली सुपारी, अडकित्त्यावर बारीक कातरलेली, बडीशेप, जायफळ, गुलाबपाकळी. तंबाखूला मी जन्मात हात लावला नाही. शाळेत तंबाखूमुक्तीची शपथ मीच देते. ही आपली साधी सुपारी, देवाच्या पूजेतली. निकीने न बघताच हात पुढे केला, मी तिच्या तळव्यावर चिमूट ठेवली. चघळता चघळता ती एकदम थांबली. "आई, शेवटचा पदार्थ हाच! कसा काय सुचला नाही मला?" आणि पळाली आत. वेडी आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

शाळा सुटल्यावर ह्यांच्याबरोबर पाणीपुरी खायला गेले. पुरी तोंडात जाईना. तिरकी करून बघितली, सरळ करून बघितली. शेवटी फोडून खाल्ली, पाणी सगळं साडीवर. गाडीवाल्याला म्हटलं, "काय रे, पुऱ्या केवढ्या मोठ्या केल्यास?" तो म्हणाला, "बाई, त्याच हायेत."

हे म्हणाले, "मलाबी मोठ्या वाटत्यात." आणि त्यांनीही फोडून खाल्ल्या.

अक्कलदाढ असणार. ह्या वयात येते कधीकधी. आणि तोंड आलंय ते उष्णतेने. सब्जा भिजत घातलाय.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज दुसरी चव. मोले नावाची त्यांची काळी आमटी असते. पाच प्रकारच्या मिरच्या, तीळ, शेंगदाणे आणि चक्क चॉकलेट. निकीने त्यात आपला काळा मसालाही घातलाय. वास असा की डोळे मिटावेत. तोंडात घातल्यावर पुन्हा तीच आग. मी म्हणाले, "थोडं कमी कर." निकी म्हणाली, "आई, गेल्या वेळेपेक्षा निम्म्यावर आणलंय."

"मग अजून कमी कर."

तिने पुन्हा कागदावर लिहिलं. मग म्हणाली, "बरं."

आणि मग तिने शेवटचा पदार्थ आणला. काळ्या दगडाची छोटी पाटी, तिच्यावर अंगठ्याएवढं विड्याचं पान, पानात कडू चॉकलेट आणि चॉकलेटच्या पोटात माझी सुपारी, माझ्याच पद्धतीने परतलेली. बाजूला छापलेल्या कार्डावर नाव होतं, 'मुक्ताविडा'. मी माझं नाव दोनदा वाचलं. तीस वर्षं शाळेत घासली, पण माझं नाव कुठे छापून आलेलं मी बघितलं नव्हतं. तिथेच रडले. उझ्माही रडली. निकी हसत होती, एका गालात सुपारी धरून, हुबेहूब माझ्यासारखी.

हे आजकाल घरात विचित्र वागतात. भाकरी दुधात कुस्करून खातात आणि मलाही कुस्करून देतात. ठेचा तर ताटातून हद्दपार केलाय. ठेच्याशिवाय ज्याचा घास उतरत नव्हता तो माणूस! विचारलं तर म्हणाले, "म्हातारपन आलं, मुक्ते." साठीत कसलं म्हातारपण? आळशी झालेत नुसते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

शाळेत मुलींच्या दातांचं शिबिर होतं. तीन तरुण डॉक्टर आले होते. मी रांगा लावत होते, कुणी ढकलाढकली केली की ओरडत होते. सगळं आटोपल्यावर एक डॉक्टर मुलगी म्हणाली, "बाई, तुमचेही बघू का? फुकट आहे." सगळ्या हसल्या. मीही हसत बसले खुर्चीत.

"मोठा आ करा."

मी केला.

"अजून मोठा."

"एवढाच होतो गं," मी म्हणाले.

तिचं हसू गेलं. तिने माझ्या गालाच्या आतून बोट फिरवलं, मग दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं, मग तिसऱ्याला. तिघंही वाकून बघत होते. तिने विचारलं, "काही सवय? तंबाखू, मिश्री, सुपारी?"

मी म्हणाले, "छे! मी शिक्षिका आहे."

का बोलले मी असं? समोर सातवी ब उभी होती म्हणून? तिने चिठ्ठी लिहून दिली. आठ दिवसांच्या आत मोठ्या दवाखान्यात दाखवा, तुकडा तपासावा लागेल. चिठ्ठी ह्याच पानात ठेवली आहे. कसला तुकडा?

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी आरशासमोर उभी राहिले. कालची डॉक्टर मुलींना सांगत होती, तीन बोटं उभी तोंडात गेली पाहिजेत. माझी दोन जाईनात. दीडच म्हणा.

झुंबरबाई सारख्या आठवताहेत. आमच्या शाळेत सेविका होत्या. मिश्री लावायच्या. त्यांचाही गाल आधी आवळला होता, मग आत फोड आला, मग अर्धा जबडा काढला. मी भेटायला गेले तेव्हा नाकातून नळी होती. पाणी हवं असं खुणेने सांगत होत्या आणि पाणी पाजायला तोंडच नव्हतं. मी दहा मिनिटांत पळून आले. पुन्हा गेले नाही. दिवाळीच्या आधी त्या गेल्या.

पण त्यांची मिश्री होती. मिश्री म्हणजे तंबाखूच. माझं तसलं काही नाही. माझं तसलं काही नाही. दोनदा लिहिलं तरी पटत नाही. सुपारी मात्र आज सहा वेळा खाल्ली. भीती वाटली की हात डबीकडेच जातो.

३० नोव्हेंबर, रविवार

आठ दिवस झाले. गेले नाही.

आज 'कणीस'मध्ये रंगीत तालीम होती. वीस ओळखीची माणसं जेवायला बोलावली होती. खरं खरं सांगा, म्हणून निकीने हात जोडले होते. लोकांनी खरं सांगितलं. दिसायला झकास, पण चव पुचाट. एक बाई म्हणाल्या, "आजाऱ्याचं जेवण वाटतंय." उझ्माचे वडील भला माणूस, त्यांनीही हळूच मिरची मागून घेतली.

निकी आत जाऊन ओट्याला टेकून उभी होती. रडत नव्हती, ते जास्त वाईट. उझ्मा म्हणाली, "मी म्हणत नव्हते? पहिला ठेचाच बरोबर होता."

निकी तिच्यावर ओरडली, "आईची जीभ कधी चुकत नाही! मीच कुठेतरी चुकतेय."

मी दारात उभी होते. सांगायला हवं होतं. तोंड उघडलं, म्हणजे जेवढं उघडतं तेवढं, आणि बोलले काय, तर "ह्यापुढे माझ्याकडून चव बघून घेऊ नकोस. उझ्माची घे."

निकीचा चेहरा पडला. तिला वाटलं, मी तिच्या धंद्यातून अंग काढून घेतलं. "बरं," म्हणाली. माझ्या लेकीचं 'बरं' फार वाईट असतं.

भित्री आहे मी. चाळीस पोरींना दरडावते आणि एका वाक्याला भिते. ते वाक्य बोललं की ते खरं होईल.

३ डिसेंबर, बुधवार

सकाळी चहा पिताना ह्यांनी चिठ्ठी पुढ्यात ठेवली. माझी वही उघडली म्हणून मी भडकणार होते, पण त्यांनी माझी कपबशी बाजूला सरकवली.

"लई दिसापासून बघतोय मी," म्हणाले. "गनपतीत मोदक तू कुस्करून खाल्लास. तवापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"भ्यालो. तू म्हनलीस दाढ, मी म्हनलं दाढच आसंल. दाढच आसू दे रं देवा, आसं रोज म्हनत हुतो."

म्हणजे पाणीपुरी ते माझ्यासाठी फोडत होते. भाकरी माझ्यासाठी कुस्करत होते, ठेचा माझ्यासाठी सोडला होता, आणि मी ह्याच वहीत त्यांना आळशी लिहून ठेवलंय. वाचलं असेल त्यांनी ते. "परवा जायाचं दवाखान्यात," एवढंच म्हणाले.

५ डिसेंबर, शुक्रवार

गेलो. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, शांत. ह्या वेळी खोटं बोलायची हिंमत झाली नाही.

"कधीपासून खाता?"

"निकीच्या बाळंतपणापासून." सासूबाई जेवण झालं की विडा द्यायच्या, बाळंतिणीला लागतोच म्हणून. पचन होतं, दूध येतं. बाळंतपण संपलं, पान सुटलं, सुपारी राहिली. अठ्ठावीस वर्षं.

"नुसती सुपारी हो, तंबाखू नाही," मी म्हणाले.

"सुपारीनेच होतं हे," त्या म्हणाल्या. "तंबाखू लागतच नाही. आतली चामडी आवळत जाते. म्हणून तिखट सोसत नाही, तोंड उघडत नाही. आणि पुढे ह्यातूनच कॅन्सर होऊ शकतो." त्यांनी गालाच्या आतला तुकडा काढला. दुखलं नाही फारसं. रिपोर्ट सतरा तारखेला.

निघताना त्यांनी सहज विचारलं, "घरात आणखी कोणी खातं का?"

हे म्हणाले, "मी न्हाई खात."

मी पर्स आवरत राहिले. डोळ्यांसमोर निकीचा हात होता, माझ्याकडे न बघता पुढे केलेला. रिक्षात बसेपर्यंत ह्यांना धरून चालत होते. त्यांना वाटलं, तुकडा काढला त्याचं.

आत्तापर्यंत भीत होते ती माझ्यासाठी. ती भीती काहीच नव्हती.

९ डिसेंबर, मंगळवार

आज सांगायचंच म्हणून 'कणीस'मध्ये गेले. निकी कार्डांचे गठ्ठे लावत होती. सात पदार्थ आणि सगळ्यांत खाली माझं नाव. ठेचा पुन्हा पहिल्यासारखा केलाय, उझ्माच्या सांगण्यावरून. निकी पाच दिवसांत तीन तास झोपली असेल. गालात सुपारी होती. मी म्हणाले, "थुंक ती." ती हसली, "अगं, हिच्यावरच तर जागी आहे मी."

उद्घाटन होऊ दे. पंधराला सांगेन. एवढ्या वर्षांत झालं नाही ते पाच दिवसांत काय होणार आहे? हे लिहिताना मला माझीच लाज वाटते आहे.

१५ डिसेंबर, सोमवार

काल काय झालं ते जसंच्या तसं लिहिते. शाळेत रजा टाकली आहे.

दुपारचं जेवण होतं. दहा टेबलं, दहाही भरलेली. आम्ही कोपऱ्यातल्या टेबलावर. निवडुंग आला, लोक हसले आणि चाटूनपुसून खाल्ला. जांभळ्या भाकऱ्या आल्या, ताकाच्या फेसातलं रताळं आलं, केळीच्या पानात वाफवलेलं मटण आलं. ठेचा खाऊन माणसं हाशहुश करत होती आणि पुन्हा मागत होती. निकी दारातून डोकावायची आणि आत पळायची. इतकी आनंदात मी तिला कधी बघितली नव्हती. उझ्मा ह्यांच्या कानाशी येऊन म्हणाली, "काका, जमलं!" ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी भाकरी बोटांनी फाडून कण कण खात होते.

शेजारच्या टेबलावर सातवी ब मधली सिमरन होती, आईवडिलांबरोबर. आता फक्त शेवटचा पदार्थ राहिला होता. काळ्या पाट्या बाहेर आल्या. सिमरनने कार्ड वाचलं आणि टाळी वाजवली. "बाई! ह्याच्यात तुमचं नाव आहे!" तिने विडा उचलला, मला दाखवला आणि तोंडाकडे नेला.

"सिमरन, खाली ठेव!"

शाळेतला आवाज होता तो, माझा मलाच दचकवणारा. पोरीने विडा टाकूनच दिला. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी उभी राहिले होते, कधी राहिले आठवत नाही. ह्यांनी माझा पदर धरला आणि मग सोडला.

मी म्हणाले, "कुणी खाऊ नका. ह्यात सुपारी आहे. नुसती सुपारी, तंबाखू नाही. अठ्ठावीस वर्षं मी रोज खाल्ली. आता माझं तोंड एवढंच उघडतं." आणि लोकांसमोर आ केला. एवढ्या माणसांसमोर मी आ करून उभी राहिले. पुढे काय बोलावं ते सुचेना, म्हणून टेबलाटेबलावरच्या पाट्या उचलायला लागले. एका गृहस्थांनी अर्धा खाल्ला होता. ते म्हणाले, "एकाने काय होतंय हो बाई?" मी म्हणाले, "मीही एकच म्हणायचे." त्यांच्या हातातला उरलेला अर्धाही घेतला.

पाट्या घेऊन आत गेले. निकी ओट्यापाशी उभी होती.

"आजच?" ती म्हणाली. "महिनाभर रोज भेटतेस मला. आजच सांगायचं होतं?"

"भ्याले गं."

"सगळ्यांसमोर माझा पदार्थ उचललास तू. तुझ्या नावाचा!"

"हो."

बाहेर उझ्माने पेरूच्या फोडी तिखटमीठ लावून पाठवायला सुरुवात केली होती. गुणाची पोर. निकी पाट्या ओट्यावर रचायला लागली. मग एकदम तिच्या लक्षात आलं. "थांब. म्हणजे पहिला ठेचा तिखट नव्हताच?"

"नसावा."

"बरोबर होता?"

"मला नाही सांगता येत, निकी. मला कळतच नाही आता काही. सगळं नुसतं जळतं."

मग ती रडली. माझ्या गळ्यात पडून, लहानपणीसारखी, नाक माझ्या खांद्याला पुसत. रेस्टॉरंटसाठी नाही, माझ्या जिभेसाठी रडत होती. "आता मी कोणाला विचारू?" म्हणत होती. मी तिला रडू दिलं. मग म्हणाले, "तोंड उघड."

ती मागे सरकली. "मला काही होत नाही."

"उघड म्हणते ना!"

तिने उघडलं नाही. एप्रनच्या खिशातून स्टीलची एक डबी काढून ओट्यावर ठेवली. माझ्या डबीपेक्षा मोठी. मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, ती माझ्याकडूनच घेते तेवढी. "हल्ली ठेचा मलापण थोडा तिखट लागतो," ती ओट्याकडे बघत म्हणाली. "मला वाटलं, तू म्हणतेस म्हणून लागतो."

मी तिथेच फरशीवर बसले. हे आत आले आणि आम्हा दोघींना बघून दारातच उभे राहिले.

१७ डिसेंबर, बुधवार

रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. "आज नाही," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आतल्या पेशी बदलायला लागल्या आहेत, दर तीन महिन्यांनी दाखवायचं, इंजेक्शनं घ्यायची, तोंडाचे व्यायाम करायचे, सुपारीला जन्मात हात लावायचा नाही. गेलेलं तोंड पूर्ण परत येत नाही. ह्यांनी हात जोडले, त्यांचे डोळे भरून आले होते. मी अर्धवटच ऐकलं. माझं झालं तेवढं बास होतं. मी म्हणाले, "आता हिला बघा."

निकी खुर्चीत बसली. डॉक्टरीणबाईंनी दिवा खाली ओढला. एक बोट, दोन बोटं. तिसरं घालताना निकीचा चेहरा आवळला. ते गेलं, पण अडत अडत गेलं. मग त्यांनी डावा गाल आतून ओढून बघितला, निकी सुपारी धरते तो. त्यांना आत पांढरट पट्टा दिसला.

"सुरुवात आहे," त्या म्हणाल्या. "वेळेत आलात. आज सोडलं तर इथेच थांबेल. वयाच्या मानाने जरा लवकरच झालंय." मग कागद ओढला. "कधीपासून खातेस?"

निकी वरच्या दिव्याकडे बघत म्हणाली, "कॉलेजात असताना लागली. हॉस्टेलवर. मैत्रिणी खायच्या."

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. निकी हॉस्टेलवर कधी राहिलीच नाही. कॉलेजला रोज माझ्या हातचा डबा घेऊन जायची. माझ्याकडे ती बघत नव्हती. तीस वर्षं पोरी बघतेय मी, कुणाला वाचवण्यासाठी खोटं बोलतात तेव्हा त्या अशाच छताकडे बघतात.

मी पुढे होऊन कागदावर बोट ठेवलं.

"ते खोडा," मी म्हणाले. "कॉलेजात नाही. तिसरीत. पाढा न चुकता म्हटला की सुपारीचं एक खांड, असं ठरलेलं होतं आमचं. मी द्यायचे. माझ्या हाताने तोंडात घालायचे."

"आई," निकी म्हणाली, "पुरे."

"तिसाचा पाढासुद्धा पाठ होता हिला," मी म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. आधीचं खोडलं आणि वर लिहिलं, वय वर्षे आठ.